एक्क्याण्णव सालचे अठ्ठावन्न दिवस

हनुमंत गुरुजींनी धामणवाडीच्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून घेतला तो १९८३ च्या मे महिन्यात. धामणवाडी तिसगावपासून सात किलोमीटरवर. कृषी खात्याच्या एका योजनेत तेव्हा आसपासच्या वीस-पंचवीस गावांना असे पर्जन्यमापक मिळाले होते. दोन-चार वर्षांत कुठला शेळ्यांनी पाडला, कुठल्याचं नरसाळं कुणीतरी घरी नेलं, कुठं मास्तरांची बदली झाली आणि मागं लिहिणारं कुणी उरलं नाही. धामणवाडीचा टिकला. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला गुरुजी कुंपणाची कडी काढून आत जायचे, साठलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे, वाकून पाण्याच्या रेषेशी डोळा आणायचे आणि आकडा वहीत लिहायचे. २०१६ साली ते निवृत्त झाले, पण हे काम त्यांनी सोडलं नाही. चाळीस वर्षांत गुरुजींचा एक दिवस चुकला नाही, असं गावात अभिमानानं सांगितलं जायचं.

त्यांची मुलगी अश्विनी त्याच शाळेत विज्ञान शिकवायची. सदतीस वर्षांची, हाती घेतलेलं अर्धवट न सोडणारी बाई. २०२२ च्या डिसेंबरात नगरला शिक्षकांचं एक शिबिर झालं आणि त्यात ठरलं, की येत्या विज्ञान दिनाला प्रत्येक शाळेनं विज्ञान आणि कला एकत्र आणून काहीतरी करायचं. कुणी सूर्यमालेची रांगोळी ठरवली, कुणी ज्वालामुखीचं पथनाट्य. अश्विनीच्या मनात आल्या त्या वडिलांच्या वह्या. तिची कॉलेजातली मैत्रीण दिपाली पुण्याच्या एका संस्थेत पावसाचा अभ्यास करायची. गुरुजींच्या वह्यांचे फोटो तिनं आधीच मागवून घेतले होते, कारण इतकी जुनी, एका हाताची नोंद तिला आणखी कुठं मिळाली नव्हती. तिनंच फोनवर सांगितलं, की काही ठिकाणी शास्त्रज्ञ आणि संगीतकार मिळून आकड्यांचं संगीत करतात. अश्विनीनं ते धरलं. नववीच्या मुलींना घेऊन तिनं प्रत्येक दिवसाच्या पावसाला एक सूर ठरवून दिला आणि शाळेच्या कॅसिओवर १९८३ चा पावसाळा वाजवून बघितला. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज निघाला. मुली हसू दाबत राहिल्या. अश्विनीही हसली, आणि दुसऱ्या दिवशी वह्या पिशवीत घालून तिसगावला कृपादान मास्तरांच्या घरी गेली.

कृपादान भिंगारदिवे हे पंचक्रोशीतले नावाजलेले ब्यांडमास्तर. वय बासष्ट, वाद्य क्लॅरिनेट. लहानपणी चर्चमध्ये बाजाच्या पेटीवर गीतं वाजवायला शिकले, पुढं वडिलांचा ब्यांड चालवायला घेतला. एके काळी ब्यांडात बावीस माणसं होती. डीजे आल्यावर कमी होत होत नऊ उरली होती, तरी मास्तरांच्या गणवेशाची एक गुंडी कधी सुटलेली दिसायची नाही. अश्विनीचं म्हणणं त्यांनी खाटेवर बसून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वह्या मागितल्या आणि मध्येच एक वर्ष काढून पानावरून बोट फिरवत एका आकड्यावर थांबले.

"अठ्ठ्याण्णवचा सतरा सप्टेंबर. एकेचाळीस पॉइंट दोन," ते म्हणाले. "त्या दिवशी आमच्या बापाला मातीला नेलं. कबरीतलं पानी बादलीनं उपसत हुतो आमी. बरोबर लिवलंय गुरुजींनी."

वही मिटून त्यांनी विचारलं, की हे ऐकायला लोक बसणार का नाचणार. बसणार, असं अश्विनीनं सांगितलं. वरातीत आम्ही काय वाजवतो ते गेल्या चाळीस वर्षांत कुणी बसून ऐकलं नाही, असं मास्तर म्हणाले. एवढ्यावर त्यांचं ठरलं.

पण अश्विनीनं केलेली मांडणी त्यांनी जशीच्या तशी घेतली नाही. बारा सुरांत आकडे पसरले तर ते एकमेकांशी भांडणारच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पाचच सूर ठेवले, सा रे ग प ध. कुठलाही सूर कुठल्याही सुराशेजारी आला तरी कानाला खटकू नये, असे. पाच मिलिमीटरपर्यंतच्या पावसाला सा, दहापर्यंत रे, असं चढत जाऊन पन्नासपर्यंत ध, आणि पन्नासच्या वर गेला की नऊच्या नऊ वाद्यांनी मिळून वरचा सा. कोरड्या दिवसाला सूर नाही, साइड ड्रमची नुसती एक टिपरी. सलग पाऊस असला तर सगळे दिवस एका श्वासात. जूनच्या एक तारखेपासून सप्टेंबरच्या तीस तारखेपर्यंत एकशे बावीस दिवस होतात. सेकंदाला दोन दिवस धरले तर एक पावसाळा एका मिनिटात वाजून होत होता, आणि चाळीस पावसाळे चाळीस मिनिटांत.

अश्विनीनं एकच अट घातली. ऐकायला बरं वाटावं म्हणून एकही आकडा बदलायचा नाही. मास्तरांना त्याचा थोडा रागच आला.

"बाई, आकडे तुमचे, श्वास आमचा," ते म्हणाले. "आमी काय आकड्याला हात लावत न्हाई."

जानेवारीत शाळा सुटल्यावर आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तालमी सुरू झाल्या. नववीच्या मुली वहीतले आकडे वाचून सुरांत बदलायच्या आणि एकेका वर्षाचा एकेक मोठा तक्ता लिहायच्या. सा निळा, रे हिरवा, असे रंगही त्यांनीच ठरवले होते. तक्ते शेडच्या भिंतीला लागले, की लांबून नुसत्या रंगांवरूनही कुठलं वर्ष भरल्या पावसाचं आणि कुठलं कोरडं ते कळायचं. ब्यांडवाले खुर्च्या टाकून तक्त्यांसमोर बसायचे. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. वरातीची गाणी पाठ असलेली ही माणसं, पुढचा सूर कुठला येणार ते त्यांच्या बोटांना आपोआप कळायचं. इथं काही कळतच नव्हतं. तीन दिवस सरी आणि मग अकरा दिवस नुसती टिपरी. मास्तरांचा पुतण्या सॅम ट्रम्पेट वाजवायचा. २००३ साल त्याच्या वाट्याला आलं तेव्हा त्यानं मोजून दाखवलं, की अख्ख्या मिनिटात त्याला तोंडाला वाद्य लावायची संधी अकरा वेळा आली. बाकीचा वेळ त्यानं काय करायचं, असं त्यानं विचारलं. जे लोकांनी त्या वर्षी केलं तेच, वाट बघायची, असं मास्तरांनी सांगितलं.

हळूहळू मात्र त्यांना गोडी लागली. जूनचे पहिले सूर, मध्येच पडलेला खंड, गणपतीच्या सुमाराला एकदम चढणारे सूर. कुठलं वर्ष चालू आहे ते डोळे मिटूनही ओळखू येऊ लागलं. गावातल्या बायका विहिरीवर जाता-येता शेडशी थांबू लागल्या. आपलं लग्न झालं ते साल वाजवा, पोरगी झाली ते साल वाजवा, अशा फर्माइशी येऊ लागल्या आणि मास्तर त्या पुऱ्या करू लागले. ग्रामपंचायतीनं ठरवलं, की अठ्ठावीस फेब्रुवारीला कार्यक्रम होईल तेव्हा सुरुवातीलाच हनुमंत गुरुजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १९९१ सालाची तालीम होती. जून संपला, जुलै सुरू झाला आणि थोडं पुढं गेल्यावर मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. बाकीचे वाजवत राहिले, मग एकेक करून थांबले. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं. तिथंच आल्यावर ते पुन्हा थांबले.

"ह्ये आपुन वाजवलंय," ते म्हणाले.

सॅम म्हणाला, की पाचच सूर आहेत, कुठं ना कुठं सारखं येणारच. मास्तरांनी मान हलवली. चार-सहा दिवस सारखे आले तर ते चालतं, असे तुकडे त्यांना बरेच सापडले होते. पण हा तुकडा लांबत चालला होता. ते उठले, भिंतीजवळ गेले, तक्त्यांवरून हात फिरवत १९८८ पाशी थांबले आणि तिथून जुलैच्या पाच तारखेपासून पुढं क्लॅरिनेटवर वाजवू लागले. सगळे १९९१ च्या तक्त्याकडे बघत होते. मास्तर वाजवत होते एक वर्ष आणि डोळ्यांसमोर होतं दुसरं, तरी एकही सूर चुकत नव्हता. ऑगस्ट संपला तेव्हा ते थांबले. सप्टेंबरपासून दोन्ही वर्षं वेगळी होती.

मुलींनी चुकून जुनाच तक्ता उतरवला असेल, असं अश्विनी म्हणाली. तिला मनापासून तसंच वाटलं. घरी जाऊन तिनं दोन्ही वर्षांची पानं शेजारी शेजारी ठेवली. मुलींची चूक नव्हती. पाच जुलैला १२.४, सहाला ३.६, सातला शून्य, आठला २७.८. दशांशासकट सगळं सारखं, एकतीस ऑगस्टपर्यंत. अठ्ठावन्न दिवस. अक्षर वडिलांचंच होतं. १९९१ च्या पानावरचं अक्षर बाकीच्या पानांपेक्षा जरा जास्तच नीट होतं. एका बैठकीत, एकाच पेनानं लिहिलेलं.

असं कधी घडत नाही, हे विज्ञानाच्या शिक्षिकेला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला आठवले ते दिपालीला पाठवलेले फोटो, आणि सत्काराची पत्रिका, जी छापून आली होती आणि जिच्यावर "अखंड चाळीस वर्षे" असे शब्द होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी गुरुजी शाळेत पर्जन्यमापक पुसायला गेले होते, फेब्रुवारीतही आठवड्यातून एकदा ते जायचेच. अश्विनी त्यांच्या मागोमाग गेली. वह्या तिनं बरोबर घेतल्या होत्या. कुंपणाजवळच्या कट्ट्यावर तिनं दोन्ही पानं उघडून ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. गुरुजींनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. आधी ते चिडले. वरातीत वाजवणारा माणूस आता मला पाऊस शिकवणार का, असं म्हणाले. तिनं वह्या तशाच उघड्या ठेवल्या. थोड्या वेळानं ते कट्ट्यावर बसले.

"तुझी आई पुण्याला होती," ते म्हणाले. "हृदयाची झडप. तू पाच वर्षांची. तुला मावशीकडं ठेवलं आणि आम्ही चार जुलैला निघालो ते एकतीस ऑगस्टला परत आलो."

बाकीचं त्यांनी थांबत थांबत सांगितलं. जाताना त्यांनी शिपायाला मोजायला सांगितलं होतं. पण तो पेरणीसाठी आपल्या गावी गेला आणि शाळेच्या घाईगर्दीत कुणाच्या लक्षात राहिलं नाही. परत आले तर दोन महिन्यांची पानं कोरी आणि तालुक्याहून आलेलं स्मरणपत्र, जुलैचा तक्ता मिळाला नाही म्हणून. नोंद नाही असं लिहिलं असतं तरी चाललं असतं, हे त्यांना तेव्हाही कळत होतं. पण आठ वर्षं न चुकवलेल्या वहीत कोरं पान त्यांना बघवलं नाही. तीन वर्षांमागचं पान उघडलं आणि उतरवलं. पुढच्या वर्षी खोडू, असं मनाशी म्हटलं. मग दर वर्षी वही एक वर्षानं मोठी होत गेली आणि लोक जास्त बोलू लागले, तसं ते पान उघडायचंच त्यांनी सोडून दिलं.

आता काय करायचं, असं अश्विनीनं विचारलं नाही. दिपालीला आजच कळवावं लागेल, एवढंच तिनं सांगितलं. गुरुजींनी मान डोलावली. सत्काराचं काय, असं ते म्हणाले नाहीत आणि तिनंही तो विषय काढला नाही. मोजपात्र त्यांनी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं आणि मोटारसायकल काढून तिसगावच्या रस्त्याला लागले.

कृपादान मास्तर अंगणात ड्रमची कातडी उन्हात ठेवत होते. गुरुजींना बघून ते उठले, खाट झटकली. दोघांची ओळख जुनी होती, पण गुरुजी त्यांच्या घरी पहिल्यांदाच येत होते. गुरुजींनी चहा नको म्हणून सांगितलं आणि दोन्ही वर्षं एकदा वाजवून दाखवायला सांगितली. मास्तरांनी क्लॅरिनेट आणलं. आधी अठ्ठ्याऐंशी वाजवलं, मग एक्क्याण्णव. तक्ता त्यांना लागला नाही. गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. चाळीस वर्षं ज्याचे आकडे त्यांनी लिहिले तो पाऊस ते पहिल्यांदाच ऐकत होते, आणि पहिल्यांदा ऐकला तो हाच.

वाजवून झाल्यावर ते म्हणाले, "मास्तर, हा पाऊस खोटा आहे. मी लिहिला."

"मला वाटलंच," मास्तर म्हणाले. "पाऊस परत तसाच येत न्हाई. मानूस येतो."

मग दोघंही बराच वेळ कामाचं बोलले. त्या अठ्ठावन्न दिवसांचं काय वाजवायचं, हा प्रश्न होता. गुरुजी म्हणाले, टिपरी वाजवा. मास्तरांनी ते मानलं नाही. टिपरी म्हणजे पाऊस नाही, आणि त्या दिवसांत पाऊस पडला का नाही ते कुणालाच ठाऊक नाही, मग तेही खोटंच. वर्षच गाळून टाकावं, असं गुरुजींनी सुचवलं. तेही मास्तरांना पटलं नाही. जूनचे दिवस खरे आहेत, सप्टेंबर खरा आहे, त्यांनी काय केलं? शेवटी मास्तर म्हणाले, की अठ्ठावन्न मात्रा आम्ही नुसते थांबू. वाद्य तोंडाशी, पण आवाज नाही. आणि एक सप्टेंबरला बरोबर उचलू. नऊ माणसांना अर्धं मिनिट मनात मोजून एकाच क्षणी सूर लावणं अवघड आहे, हे गुरुजींनाही कळलं. जमेल का, असं त्यांनी विचारलं.

"जमंल," मास्तर म्हणाले. "पर लोक म्हनतील, ब्यांड इसरला. त्येंला तुमी सांगा."

घरी आल्यावर गुरुजींनी बायकोला सांगितलं. मालनबाईंना बत्तीस वर्षांत यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, की दवाखान्यात रोज सकाळी साडेआठला तुम्ही खिडकीशी जाऊन उभे राहायचात, ते मला आजवर समजलं नव्हतं. मग त्या उठून पत्रिका घेऊन आल्या आणि ग्रामपंचायतीत फोन करा म्हणाल्या. गुरुजींनी सरपंचांना फोन करून सत्कार नको असं सांगितलं. कारण कार्यक्रमात सांगतो, असंही सांगितलं.

अश्विनीनं त्याच दिवशी दिपालीला कळवलं होतं. दिपालीचा फोन दोन दिवसांनी आला. तिच्या संगणकाला ते सापडलं नव्हतं, कारण वर्षाची एकूण बेरीज दोन्हीकडं वेगळी होती आणि अशी जुळणारी पानं शोधायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता तिनं सगळ्याच गावांच्या नोंदी तशा तपासायला घेतल्या होत्या. अठ्ठावन्न दिवस तिनं काढून टाकले आणि बाकीचं सगळं ठेवलं. कार्यक्रमाला येते, असं तिनं स्वतःहून सांगितलं.

उरलेल्या दोन आठवड्यांत ब्यांडनं बाकी कुठल्याही वर्षाहून जास्त वेळा एक्क्याण्णव वाजवलं. पहिल्या दिवशी नऊ जणांनी सप्टेंबर नऊ वेगवेगळ्या वेळी सुरू केला. मास्तर हातानं इशारा करायला तयार नव्हते, कारण त्यांचं क्लॅरिनेटही तोंडाशीच राहणार होतं. त्यांनी सगळ्यांना चालत चालत मोजायला लावलं, जेवताना मोजायला लावलं. सॅम मोटारसायकलवरून येताना मोजत यायचा. चौदा-पंधरा वेळा चुकल्यावर एक दिवस जमलं, आणि त्यानंतर बिघडलं नाही.

अठ्ठावीस फेब्रुवारीला शाळेच्या मैदानावर चार वाजता मांडव भरला. मुलींनी चाळीसच्या चाळीस तक्ते दोरीवर ओळीनं लावले होते. १९९१ च्या तक्त्यात मधले अठ्ठावन्न चौकोन पांढरे होते. ब्यांड तांबड्या गणवेशात खुर्च्यांवर बसला होता. सरपंचांनी गुरुजींना बोलायला बोलावलं. गुरुजी ध्वनिक्षेपकापाशी गेले. त्यांनी कागद नेला नव्हता. शिकवताना बोलायचे तशाच आवाजात त्यांनी सांगितलं, की तुम्ही सगळे म्हणता माझा एक दिवस चुकला नाही. अठ्ठावन्न चुकले, आणि मी ते दुसऱ्या वर्षाचे आकडे लिहून भरले. का गेलो होतो ते सांगितलं, काय केलं ते सांगितलं, कुणी ओळखलं तेही सांगितलं.

पुढच्या रांगेतून गोजरबाई बोलल्या. मालनबाईंच्या शेजारच्या, ऐंशीच्या घरातल्या.

"मालन वाचली ना गुरुजी? मग झालं की."

"तसं नाही, गोजरबाई," गुरुजी म्हणाले. "वाचली ते वेगळं आणि लिहिलं ते वेगळं. एकानं दुसरं पुसलं जात नाही. आता ऐका, मास्तर काय वाजवतात."

आणि ते जाऊन बसले.

मास्तरांनी क्लॅरिनेट उचललं. १९८३ सुरू झालं. पहिली दोन-तीन वर्षं लोक जरा बिचकून ऐकत होते. मग शेडशी थांबून ऐकणाऱ्या बायका शेजारणीला सांगू लागल्या, की ही टिपरी म्हणजे कोरडा दिवस, आता बघ, आता येतोय. शहाऐंशी गेलं, सत्याऐंशी गेलं, अठ्ठ्याऐंशीचा भरलेला जुलै आला आणि गेला. नव्वद संपलं. एक्क्याण्णवचा जून वाजला, जुलैचे चार दिवस वाजले आणि ब्यांड थांबला.

नऊ माणसं वाद्यं तोंडाशी धरून, काठ्या उचललेल्या तशाच ठेवून बसली होती. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मांडवाचं कापड वाऱ्यानं फडफडलं. कुणीतरी खोकलं. अश्विनी मुलींच्या रांगेशी उभी होती, आणि नकळत तीही मोजू लागली. वीस, एकवीस. समोर तिला आई-वडील दिसत होते. वडिलांची मान वर होती. ते ब्यांडकडे बघत होते, आणि आई त्यांच्याकडे. चाळीस. पन्नास. अश्विनीची मोजणी कुठंतरी घसरली. आता ती मास्तरांच्या बोटांकडेच बघत राहिली.

एक सप्टेंबर. नऊही वाद्यं एका झटक्यात लागली. नोंदीत त्या दिवशी बावन्न मिलिमीटर होते, म्हणजे सगळ्यांचा वरचा सा. तो इतका एकसंध आला, की मांडवातल्या लोकांनी एकदम श्वास घेतला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण पुढचा दिवस लगेच आला होता. ब्याण्णव, त्र्याण्णव असं करत ब्यांड पुढं निघाला. २००३ मध्ये सॅमनं आपले अकरा सूर एकही न सांडता वाजवले. २०२० चं मिनिट इतकं भरलेलं होतं, की साइड ड्रमवाल्याला टिपरी मारायला जागाच सापडत नव्हती आणि पोरं खुदखुदू लागली. २०२२ चा शेवटचा दिवस कोरडा होता. शेवटची टिपरी पडली आणि मास्तरांनी वाद्य मांडीवर ठेवलं. तेव्हा लोक उठले.

नंतर बराच वेळ मांडव रिकामा झाला नाही. म्हातारी माणसं तक्त्यांसमोर उभी राहून आपापली वर्षं शोधत होती. दिपालीनं मास्तरांना विचारलं, की तुम्हाला नेमकं कुठं कळलं. मास्तर म्हणाले, खरा पाऊस वाजवताना पुढचं कधी ठाऊक नसतं, आणि त्या दिवशी माझी बोटं आधीच जाऊन बसली होती. दिपालीनं ते वहीत लिहून घेतलं. गुरुजी ब्यांडवाल्यांना स्वतःच्या हातानं चहा देत होते. सॅमनं त्यांना सांगितलं, की एवढी शांतता आम्ही उभ्या आयुष्यात वाजवली नव्हती, आणि ती सगळ्यांत अवघड होती. गुरुजी म्हणाले, मला ठाऊक आहे.

मार्चमध्ये जामखेडकडच्या एका शाळेतले शिक्षक कृपादान मास्तरांना शोधत तिसगावला आले. कार्यक्रमाचा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांच्याकडं पर्जन्यमापक नव्हता, पण गावातल्या सतरा विहिरींच्या पाण्याची पातळी शाळेची मुलं बारा वर्षं दर पंधरवड्याला मोजत आली होती. त्याचं काही होईल का, असं त्यांनी विचारलं. अश्विनीही त्या दिवशी तिथंच होती, कार्यक्रमानंतर मास्तरांनी घरी नेलेले तक्ते परत न्यायला आलेली. मास्तरांनी आधी मूळ वह्या मागितल्या, छापील तक्ता नको म्हणाले. पानं चाळली, चार-पाच विहिरींचे आकडे ओठांतल्या ओठांत म्हणून बघितले.

"पाऊस वरून येतो, त्याला क्लॅरिनेट चाललं," ते म्हणाले. "ही तर खोल गेलेली गोष्ट हाय. हिला मोठा भोंगा लागंल, खालच्या सुराचा. आपल्याकडं वाजवनारा न्हाई."

मग ते सॅमकडं वळले आणि म्हणाले, पुणतांब्याला आपल्या जुन्या ब्यांडातला एक जण राहतो, तो वाजवायचा. त्याचा नंबर काढ. शिक्षकांना त्यांनी सांगितलं, की तालमी तुमच्याच शाळेत होतील आणि आकडे मुलांनीच सुरांत उतरवायचे, ते आम्ही करणार नाही. अश्विनीनं आपल्या तक्त्यांतला एक काढून शिक्षकांना दिला, कसं लिहायचं ते दाखवायला. सॅम फोन लावत अंगणात गेला होता. पलीकडून कुणीतरी उचलल्याचं त्याच्या आवाजावरून सगळ्यांना कळलं.